मधली चित्रं

दसऱ्याला आमच्या घरी नवा टीव्ही आला. ‘आला’ म्हणतो, कारण तो आणण्यात माझा काडीचाही हात नव्हता. जुना टीव्ही उत्तम चालत होता. त्याच्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक हिरवट डाग पडला होता हे खरं. पण त्या डागाची आम्हांला इतकी सवय झाली होती की, दुसऱ्या कुणाच्या घरी बातम्या पाहताना तो बाईंच्या खांद्यावर दिसला नाही, की बाई आज काहीतरी घरी विसरून आल्या असं वाटे. पण अमेरिकेतल्या मुलीला बापाच्या डोळ्यांची काळजी वाटली, आणि हल्ली मुलींची काळजी कुरियरने घरपोच येते. दोन तरुण आले, त्यांनी भिंतीला चार भोकं पाडली, देवघराची फळी वीतभर सरकवली, दिवाणखान्यात एका काळ्या चकचकीत शिळेची प्रतिष्ठापना केली आणि ‘सर, फाइव्ह स्टार द्या’ एवढीच दक्षिणा मागून ते निघून गेले.

उद्घाटनाचा मान ‘पिंजरा’ला द्यायचा हे मी ठरवून टाकलं. १९७२ साली तो लागला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तमाशाचा सिनेमा म्हटल्यावर घरून परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. तेव्हा मित्राकडे भूमितीचा अभ्यास करायला जातो असं आईला सांगून मी गेलो. एका आदर्श मास्तरांचा एका खोटेपणापायी कसा सत्यानाश होतो ते आईशी खोटं बोलून पाहिलं आणि घरी येईपर्यंत हमसून हमसून रडलो. ‘एवढी अवघड का रे तुमची भूमिती?’ असं आईने विचारल्याचं मला पक्कं आठवतं.

तर टीव्ही लावला. आम्ही दोघं आणि वरच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असे तिघे बसलो. पाच मिनिटं गेली नाहीत तोच आमची ही म्हणाली, “अहो, हा पुन्हा काढलाय का?”

“पुन्हा कसा काढतील? डॉक्टर लागू आहेत ना हे!”

“तेच म्हणते मी. मास्तर कुठे आहेत?”

तिने नेमकं बोट ठेवलं होतं. पडद्यावर डॉक्टर श्रीराम लागू चालत होते, बोलत होते, फेटा सावरत होते. पण मास्तर काही केल्या येईनात. सगळं कसं लख्ख, गुळगुळीत, तेल घातल्यासारखं हलत होतं. गाव गावासारखं न दिसता, कुणीतरी पहाटे उठून रचून ठेवलेल्या सामानासारखं दिसत होतं. मला तर गडकरी रंगायतनला पहिल्या रांगेत बसल्याचा भास झाला; नव्हे, त्याहून वाईट, रंगीत तालमीला. बँकवाले मात्र खूश होते. “काय क्लिअर आहे हो! जरीचा एकेक धागा मोजून घ्या.” जन्मभर नोटा मोजलेल्या माणसाचा आनंद तो. ‘मला धागे नकोत, मास्तर हवेत’ असं मी म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे कर्ज नामंजूर करताना पाहतात तसं पाहिलं.

शेवटी भाच्याला फोन लावला. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. कंप्यूटरशी संबंधित असं काहीतरी तो करतो. काय ते त्याने मला तीनदा समजावून दिलंय आणि तिन्ही वेळा मला ते समजलंय.

“मामा, टीव्हीत मोशन स्मूदिंग चालू असेल. ते बंद करा.”

“पण त्याने होतं काय?”

“सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात. टीव्हीला ती कमी वाटतात. म्हणून दोन चित्रांच्या मधली चित्रं तो स्वतःच बनवतो.”

“बनवतो? कुठून?”

“अंदाजाने.”

हा शब्द ऐकला आणि मी खुर्चीत सावरून बसलो. म्हणजे डॉक्टर लागूंनी कॅमेऱ्यासमोर जे केलंच नाही, ते ही शिळा अंदाजाने करून दाखवणार, आणि आम्ही समोर बसून ‘वा!’ म्हणणार! माणसाने फेटा उचलला हे एक चित्र, डोक्यावर ठेवला हे दुसरं. मधे तो कुठून कुठे गेला असेल हे ठरवण्याचा अधिकार ह्या शिळेला कुणी दिला?

बटण सापडायला तीन दिवस लागले, कारण प्रत्येक कंपनीने ह्या प्रकाराचं निराळंच बारसं केलेलं असतं. ह्या कामी मी एकटा नाही, हे कळल्यावर जरा धीर आला. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझसारख्या नटाने आपल्या दिग्दर्शकाला शेजारी उभं करून, ‘कृपा करा आणि तुमच्या टीव्हीतलं हे खूळ बंद करा’ अशी जाहीर विनवणी केली होती. विमानाला बाहेरून लटकणारा माणूस हा! त्यालासुद्धा रिमोटपुढे हात टेकावे लागले. पुढे २०१९मध्ये टीव्हीवाल्यांनी आणि दिग्दर्शकांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ नावाची सोय काढली. म्हणजे आधी खोडी काढायची आणि मग ती न काढण्यासाठी वेगळं बटण द्यायचं. आमच्या चाळीत एक कार्टं होतं, ते खिडकीवर दगड न मारण्याचे चार आणे घ्यायचं, त्याची आठवण झाली.

पण बटण बंद झालं तरी डोकं बंद होईना. चोवीसच का? ह्या आकड्यात असं काय आहे की, त्याहून जास्त झालं की मास्तर निघून जातात? मला वाटलं, कुणा थोर कलावंताने हा आकडा तपश्चर्येने शोधून काढला असेल. छे! तो हिशेबातून आला. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. ल्युमिएर बंधूंची चित्रं सेकंदाला सुमारे सोळा. १८९६च्या जुलैत आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलात लोकांनी पाहिली ती हीच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तोही दांडा फिरवूनच. दांडा फिरवणाऱ्याचा हात थकला की कृष्णाचा घोडा थबकणार आणि जेवणाची वेळ झाली की मारुती घाईने उडणार, असा तो कारभार. थिएटरवालेही कमी नव्हते. एक जादा खेळ बसावा म्हणून प्रोजेक्टर जोरात चालवत. मग १९२६-२७च्या सुमारास अमेरिकेत सिनेमा बोलू लागला आणि पंचाईत झाली. चित्र कमीजास्त वेगाने पळालं तर डोळे सांभाळून घेतात. पण आवाजाचा वेग बदलला तर नायकाची नायिका होते. कान हा डोळ्यापेक्षा तापट अवयव आहे. तेव्हा वेग एकच ठेवायचा ठरला. आवाज बरा यावा इतका जास्त, आणि फिल्म फार खर्च होऊ नये इतका कमी. सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. आपल्या घरातल्या निम्म्या पवित्र चालीरीतींच्या मुळाशी अशीच एखादी आजीची काटकसर असते. तीन पिढ्या गेल्या की तिचं शास्त्र होतं.

खरी गंमत पुढेच आहे. ही चोवीस चित्रंसुद्धा पुरती नसतात. सेकंदाच्या चोविसाव्या भागापैकी कॅमेऱ्याची झडप साधारण निम्माच वेळ उघडी असते. उरलेला निम्मा वेळ झडप बंद. त्या वेळात नटाने डोळा मारला तरी कॅमेऱ्याला पत्ता नाही. आणि रिळाच्या प्रोजेक्टरात पडद्यावरही तेच. एक चित्र सरकून दुसरं येईपर्यंत झडप आड येते, पडदा काळा. एकच चित्र दोनदा दाखवतात म्हणून तो काळोख लुकलुकत नाही, एवढंच. म्हणजे तीन तासांच्या ‘शोले’त आपण जवळजवळ दीड तास तिकीट काढून अंधारात बसलो होतो! गब्बरचा हात वर, गब्बरचा हात खाली. मधलं सगळं आपल्या डोक्याने भरलं, आणि वर श्रेय सिप्पींना दिलं.

आता ही गोष्ट काही मला आजच कळली अशातला भाग नाही. डिसेंबर २०१२मध्ये मुलीकडे गेलो होतो. ती न्यू जर्सीत एडिसन नावाच्या गावी राहते. गावाला नाव त्याच एडिसनचं. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा त्याच हद्दीत होती. त्या गावात आता दिव्यांपेक्षा डोश्यांची कीर्ती जास्त आहे, ते सोडा. जावईबापूंनी आम्हांला ‘हॉबिट’ दाखवायला नेलं. पीटर जॅक्सनने तो सेकंदाला ४८ चित्रांनी काढला होता. एवढा मोठा सिनेमा असा काढण्याची आणि दाखवण्याची ती पहिलीच वेळ. आम्ही डोळ्यांवर ते काळे चष्मे चढवून बसलो. पहिली दहा मिनिटं मला वाटलं, प्रोजेक्टरवाल्याला घरी जायची घाई आहे. सगळे बुटके तुरुतुरु पळताहेत! मग वाटलं, ह्यांच्या दाढ्या चिकटवलेल्या आहेत. चिकटवलेल्या होत्याच म्हणा. पण त्याआधी कधी त्या चिकटवलेल्या दिसल्या नव्हत्या. जावई म्हणाला, “बाबा, हे खऱ्यासारखं दिसतंय ना?” मी म्हणालो, “हो. खरोखरच काही माणसं दाढ्या लावून बसल्यासारखं दिसतंय.” नातू मात्र गुंगून गेला होता. तो दिवसभर त्या खेळाच्या यंत्रावर सेकंदाला साठ चित्रांचे राक्षस मारत असे. त्याला तो सिनेमा अंमळ हळूच वाटला असावा. बाहेर पडल्यावर दिसलं की अर्धं जग माझ्यासारखं कुरकुरत होतं. दिग्दर्शकाचं म्हणणं, थोडी सवय होऊ द्या. हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. लग्नानंतर कारल्याच्या भाजीबद्दल.

आणि ज्या गावात बसून मी कुरकुरत होतो, त्या गावाला ज्याचं नाव, त्या एडिसनचंच मुळात मत असं होतं की, सेकंदाला ४६ चित्रं हवीत, त्याहून कमी झाली तर डोळ्यांना शीण होतो. म्हणजे ४८ हे नवं खूळ नव्हेच, ते सगळ्यात जुनं. १९५५च्या ‘ओक्लाहोमा!’ची एक प्रत ३० चित्रांनी काढली होती. पुढे डग्लस ट्रम्बुलने साठाची पद्धत सिद्ध केली, पण ती चालली नाही. २०१६मध्ये अँग लीने १२० चित्रांनी सिनेमा काढला. त्यात चेहऱ्याचा पोत इतका स्वच्छ दिसे की नटांना रंगरंगोटीच जवळजवळ वर्ज्य झाली. तो पूर्ण थाटात दाखवू शकणारी थिएटरं अख्ख्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०२२मध्ये कॅमेरूनने ‘अवतार’च्या दुसऱ्या भागात सुज्ञपणे तडजोड केली. पाण्यात उतरले की ४८, बोलायला बसले की २४. पाहुणे आले की काचेचे कप आणि घरच्यांना स्टीलचे, त्यातला प्रकार. ही तडजोड मला मनापासून पटली आणि तसं कॅमेरूनला कळवायचंही राहून गेलं.

पण ह्यावर लोक जे सांगतात ते मला पुरतं पटत नाही. ते म्हणतात, जास्त खरं दिसलं की भ्रम मोडतो. मग मला सांगा, नाटकाचं काय? रंगभूमीवर सेकंदाला किती चित्रं असतात? अगणित! झडप नाही, अंधार नाही, मधलं एकही चित्र गाळलेलं नाही. बालगंधर्व नावाचा पुरुष शालू नेसून समोर उभा राही, प्रत्यक्ष हाडामांसाचा, आणि आमच्या आजोबांच्या पिढीतले करडे गृहस्थ त्या शालूची नक्कल घरी करायला सांगत. भ्रम मोडला? आणि फाळक्यांची तारामती? तीही पुरुषच. साळुंके नावाचे गृहस्थ, आधी एका खाणावळीत आचारी होते. ह्याच साळुंक्यांनी १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोघांचंही काम केलं. सत्यवचनी राजाची कथा सांगणाऱ्या सिनेमात राणीच खोटी, पुढच्यात तर सीताहरणाने व्याकूळ झालेला रामच स्वतः सीता, आणि तरी प्रेक्षकांनी ते गोड मानलं. तेव्हा खरं दिसण्याने भ्रम मोडतो हे काही खरं नाही. मला वाटतं, गोष्ट साधी आहे. भ्रम हा एक करार असतो. तुम्ही एवढं दाखवा, उरलेलं मी घालतो. नाटकात करार वेगळा, सिनेमात वेगळा. आणि करार मोडतो तो पलीकडच्याने न विचारता आपला वाटा उचलला म्हणजे. मास्तरांमधलं माझं काम त्या शिळेने परस्पर उरकून टाकलं होतं, माझा राग त्याचा होता.

इथवर सगळं ठीक होतं. टीव्हीवर रागावणं ही निवृत्त माणसाची हक्काची चैन आहे. पण दिवाळीत भाऊबीजेला धाकटीकडे गेलो आणि सगळंच अंगाशी आलं.

त्याचं असं झालं. आमच्याकडे आईचं एक हलतं चित्र आहे. एकच. आमचे मोठे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी १९७३च्या रजेत सुपर-८चा कॅमेरा आणला आणि आमच्या अंगणात एक रीळ संपवलं. पन्नास फुटांचं रीळ, सेकंदाला अठरा चित्रं, एकूण तीन मिनिटं वीस सेकंद, आवाज नाही. त्यातली पहिली दोन मिनिटं मामांनी नारळाच्या झाडावर खर्च केली. ते बोटीवरून आले होते, झाडाचं त्यांना कौतुक. मग मी हाफपँटमध्ये उगाचच छाती काढून उभा. मग धाकटी, दोन वर्षांची, अंगठा चोखत. आणि शेवटी आई. ती तुळशीला पाणी घालून वळते, कॅमेरा दिसताच लाजते, पदर तोंडाशी नेते आणि हसते. चाळीस-एक सेकंद असतील. चार वर्षांनी, १९७७मध्ये, आई गेली. धाकटी तेव्हा सहा वर्षांची. तिला आईचा वास आठवतो म्हणते, गोधडी आठवते. आई हलायची कशी ते आठवत नाही. ती ह्या चाळीस सेकंदांतच जे आहे ते.

भाच्याने ते रीळ कुठूनतरी कंप्यूटरवर चढवून आणलं होतं, आणि आईला भाऊबीजेची भेट म्हणून अठराची साठ केली होती. आम्ही सगळे बसलो. दिवे मालवले. नारळाचं झाड वाऱ्यावर असं डोललं की, मामा असते तर धन्य झाले असते. आणि मग आई वळली. काय सांगू तुम्हांला! अंगणात जिवंत माणूस वळावं तशी वळली. गाल, कुंकू, पदराची किनार, सगळं वाहत्या पाण्यासारखं. हात कमरेवरून उठला आणि हळूच, अलगद, पदर घेऊन ओठांशी गेला. धाकटी ढसाढसा रडत होती. आमची हीसुद्धा, तिने तर सासूला पाहिलंही नव्हतं.

मीही रडलो. पण रडता रडता माझ्यातला तो बँकवाला जागा झाला आणि हिशेब करू लागला. सेकंदाला साठ; त्यांतली मामांनी घेतलेली अठरा. उरली बेचाळीस. म्हणजे दहातल्या सात आया अंदाजाने बनवलेल्या! धाकटी जिच्याकडे बघून रडते आहे, ती दहातली सात वेळा आई नाहीच.

आणि शिवाय, आई अशी नव्हती. आई झटक्यात वागणारी बाई. तिचा हात कमरेवर असे किंवा डोक्यावर असे, मधे कुठे तो कधी आढळला नाही. पोळी तव्यावर पडायची ती टाळी वाजवल्यासारखी. कपबश्यांचा संच आमच्याकडे दिवाळी ते होळी टिकत नसे. मामांच्या मूळ रिळात तिचा हात एका चित्रात कमरेवर आहे आणि डोळा लवायच्या आत तोंडावर. मी ते रीळ प्रोजेक्टरचा दिवा जाईपर्यंत पंचवीस-तीस वेळा पाहिलं असेन, आणि दरवेळी म्हणालो असेन, अशीच होती! कंप्यूटरने त्या दोन हातांच्या मधे एक सुरेख गोलाई घातली होती. माझ्या आईला त्याने वळण लावलं होतं.

सांगावं का धाकटीला? रात्रभर मी ह्यावर विचार केला. खोटं म्हणावं तर कुणी खोटं बोललंच नव्हतं. पीटर जॅक्सनने २०१८मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची चित्रं अशीच सुधारून काढली. सेकंदाला दहापासून अठरापर्यंत चित्रं असलेली ती मूळ रिळं चोविसावर आणली, रंग भरले, ओठ वाचणाऱ्यांना बसवून ते काय बोलले ते शोधून काढलं. शंभर वर्षं तुरुतुरु चालणारे ते विनोदी बाहुले एकदम वीस वर्षांची पोरं दिसू लागले. ते पाहून कुणाच्या पोटात कालवलं असेल तर त्याला, ‘बाबा रे, ह्यातलं काही बनवलेलं आहे’ असं सांगणं हे सत्य की कद्रूपणा? ज्याच्याकडे आईच्या दोन प्रती आहेत, त्याने एकच प्रत असलेल्याला ती नकली आहे म्हणून सांगावं का? सत्यवचनी हरिश्चंद्राने सांगितलं असतं. पण हरिश्चंद्राच्या सत्याची किंमत बहुतेक वेळा त्याच्या बायकामुलांनी दिली, हेही फाळक्यांनी दाखवलंच आहे. मी न सांगायचं ठरवून झोपलो.

सकाळी धाकटीने चहा आणला. आणताना दाराच्या कडीला कोपर आपटलं, बशीत अर्धा चहा सांडला. हे नेहमीचंच. हसत म्हणाली, “बघ ना रे दादा, आईचं ते वळणं किती शांत! हात कसा अलगद नेते. आणि मी ही अशी धांदरट. बाबांकडच्या कुणावर गेले असेन. आईचं एवढंही नाही आलं माझ्यात.”

आता मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. म्हणालो, “अगं, काय बोलतेस! तू अख्खी आईच आहेस. आई अशीच होती, धाडधाड!” आणि मग मी सगळंच सांगून टाकलं. अठरा, साठ, बेचाळीस, दहातल्या सात, सगळं. भाचा दारात उभा राहून माझ्याकडे असा बघत होता, की पुढच्या वर्षी माझी ओवाळणी परत येईल असं मला वाटलं.

धाकटी गप्प बसली. मग मुलाला म्हणाली, “ते जुनं, साधं आहे का?” त्याने लावलं. नारळ थरथरला, मी छाती काढून उडी मारल्यासारखा उभा राहिलो, आई वळली. हात कमरेवर. हात तोंडावर. मी विजयाने म्हणालो, “हे बघ! झटका!”

धाकटीने तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा. आणि म्हणाली, “पण दादा, ह्यात तर नारळसुद्धा झटक्यात हलतोय. तूही. झटका आईचा कुठला आणि मामांच्या कॅमेऱ्याचा कुठला?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आईच्या पोळ्यांचा आवाज मला आठवतो, ह्यात शंका नाही. फुटक्या बश्या आठवतात. पण तो हात? आई असताना मी तिच्या हाताकडे कशाला बघतोय! तो मी पाहिला तो ह्या रिळात, पंचवीस-तीस वेळा, मामांच्या अठरा चित्रांत. मधलं सगळं मीच घातलेलं. त्या शिळेने आणि भाच्याच्या कंप्यूटरने घातलं तसंच, फक्त पन्नास वर्षं आधी, आणि तेही अंदाजाने.

“बश्या मात्र फुटायच्या,” मी पडेल आवाजात म्हणालो.

“खरंच ना?”

“आईशप्पथ.”

तेवढं तिला पुरलं असावं. ती उठली, “थांब, दुसरा चहा आणते,” म्हणाली आणि झपाट्याने आत गेली. मी कान देऊन बसलो.